शेंदरी खोक्यांचं मखर

माझ्या नवऱ्याला शेवटचं घरी आणलं तेव्हा हॉलमध्ये ठेवायला जागा नव्हती. खाली ॲम्ब्युलन्स उभी होती, जिन्यात चपला साचत होत्या, आणि समोरच्या घरातल्या काकांनी आमच्या दारातून आत डोकावून पाहिलं आणि ते हळूच म्हणाले, "आधी ही खोकी हलवायला लागतील." मग जिन्यावर माणसांची रांग लागली. आमच्या घरातली खोकी या हातातून त्या हातात जात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या पायऱ्यांवर, काकांच्या बाल्कनीत गेली. कॉम्प्युटरची रिकामी लोखंडी कॅबिनेटं, पॉवर सप्लाय, कीबोर्ड, मदरबोर्ड. सासूबाई आतल्या खोलीच्या दारात बसून एकच वाक्य म्हणत होत्या, "माझ्या झिलाक जागा करा रे. माझ्या झिलाक जागा करा."

जागा झाली. कित्येक आठवड्यांनी मला हॉलची फरशी दिसली. खोक्यांच्या तळाचे चौकोन फरशीवर उमटले होते. आतली फरशी पांढरी, कडेला धुळीची रेघ. ते पुसायला हवं होतं असं माझ्या मनात आलं, आणि त्याच चौकोनांवर चटई टाकून त्याला ठेवलं.

रांगेतल्या माणसांत नवऱ्याच्या दुकानाला माल पुरवणाऱ्या वितरकाचा माणूसही होता. बातमी कळल्यावर तो भांडुपहून धावत आला होता. त्याच्या हातात एक पॉवर सप्लायचं खोकं आलं, तेव्हा तो ते पुढे द्यायचं विसरून क्षणभर त्यावरचं लेबल वाचत उभा राहिला. मागच्या माणसाने "द्या ना पुढे" म्हटलं तेव्हा भानावर आला. ती बहुतेक सगळी खोकी त्याच्याच हाताने आमच्याकडे आली होती.

माझ्या नवऱ्याचं घाटकोपरला स्टेशनजवळ कॉम्प्युटर जोडून देण्याचं छोटं दुकान होतं. आम्ही राहतो विक्रोळीला. मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्याचे वडील गिरणी बंद पडल्यावर कारखान्यात लागले, आणि मुलगा आपल्या पायावर उभा राहिला याचा त्यांना फार आनंद होता. आता ते नाहीत, पण दुकानाच्या पाटीला पहिला हार त्यांनी घातला होता. दुकानात सगळ्यात जास्त विचारणा असायची ती ग्राफिक्स कार्डाची. पडद्यावरचं चित्र रंगवणारा हा भाग. पूर्वी तो फक्त गेम खेळणारी मुलं मागायची. आता व्हिडिओ एडिट करणारे, घरांची चित्रं काढणारे, पवईला इंजिनीअरिंग शिकणारी मुलं, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करणारी माणसं, सगळ्यांना तो लागतो. आणि तो बनवणाऱ्या कंपन्या म्हणाल तर नाव घेण्यासारख्या दोनच. एक मोठी, जिचा माल सगळ्यांना हवा असतो. दुसरी लहान, जिचा माल बऱ्याच जणांना पुरेसा असतो, पण हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं.

सांगणं हेच त्याचं काम होतं, असं तो मानायचा. आणि तेच त्याला दुकानात उभं राहून करता येत नव्हतं.

मोठ्या कंपनीचा माल एका वितरकाकडून येई. वितरकाला वरून सांगितलेलं असे, वितरक खाली सांगे. दर्शनी काचेत फक्त मोठ्या कंपनीची खोकी. तिचाच पुठ्ठ्याचा उभा फलक. दुसऱ्या कंपनीची कार्डं ठेवायला कोणी बंदी केली नव्हती. आत, मागच्या फळीवर, ठेवा खुशाल. फक्त ती पुढे दिसली, किंवा महिन्याला जरा जास्त खपली, की नव्या मॉडेलचा माल आमच्याकडे यायचा थांबे. फोन केला की उत्तर एकच: "स्टॉक नाही, भाऊ." शेजारच्या गल्लीतल्या दुकानात त्याच दिवशी तोच माल उतरत असे.

म्हणून त्याने एक पद्धत काढली होती. गिऱ्हाईक आलं, त्याचं काम नीट ऐकून घेतलं, आणि याला वाटलं की या माणसाला मोठ्या कंपनीचं महाग कार्ड लागणार नाही, की तो म्हणे, "चला, चहा घेऊ." मोठ्या कंपनीच्या फलकासमोर, कोणीही ऐकेल अशा जागी, दुसरीचं नाव घ्यायला तो धजत नसे; मग दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर जात. कटिंग हातात घेऊन, रस्त्याकडे पाठ करून, तो दुसऱ्या कंपनीच्या कार्डाबद्दल सांगे. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हसले होते.

"काय रे, चोरीचा माल विकतोस का?"

"चोरीचा असता तर दुकानात विकला असता," तो म्हणाला. "हा खरा आहे म्हणून बाहेर जावं लागतं."

मी ग्रंथालयातली बाई. माझ्या टेबलासमोर नव्या पुस्तकांची एक मांडणी असते. त्यात कुठल्या प्रकाशकाचं पुस्तक पुढे ठेवायचं हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. एका प्रकाशकाचं पुस्तक लावलं म्हणून दुसऱ्याने आमच्याकडे पुस्तकं पाठवणं थांबवलं, असं कधी झालं नाही. त्यामुळे त्याच्या धंद्यातली ही भीती मला बरेच दिवस खरी वाटलीच नाही. वाटायचं, हा जरा जास्तच घाबरतो.

ती खरी आहे हे कळलं त्याच्या शेवटच्या गणपतीत.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. मूळ मालवणचा, आता विक्रोळीचा. मखर दर वर्षी घरातच करायचं ही सासूबाईंची शिस्त. थर्माकोल बंद झाल्यापासून त्या पुठ्ठ्यावर आल्या होत्या. दुकानातून रिकामी खोकी घरी यायची ती त्यांच्या ताब्यात जायची. त्या वर्षी त्यांच्यापुढे दोन ढीग होते. मोठ्या कंपनीची खोकी काळी-राखाडी. दुसऱ्या कंपनीची शेंदरी.

"ही काळी नको गो," त्या मला म्हणाल्या. "देवाक काळां कोण दाखवता? ह्यो रंग बघ. देवाचोच."

त्या खोक्यांवर काय छापलंय याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी ती उघडून, कापून, नीट कमान केली. वर कळस. मागे किरणांसारख्या पट्ट्या. शेंदरी कमानीत पांढरी मूर्ती इतकी सुंदर दिसत होती की तो दुकानातून आल्यावर दारातच थांबला.

"आई, झकास!"

मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकून गेलं. कमानीच्या दोन्ही खांबांवर दुसऱ्या कंपनीचं नाव सरळ वाचता येत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. सासूबाईंनी रात्रीच्या आत ते काम पुरं केलं होतं आणि त्यांच्या बोटांना कात्रीचे वळ उठले होते. तो हातपाय धुऊन आला आणि आरतीचं तबक पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वितरकाचा माणूस दर्शनाला आला. दर वर्षी येई. आमच्याच बाजूचा, कणकवलीचा; बोलका, हातात मोदकांचा बॉक्स. त्याने नमस्कार केला, सासूबाईंच्या पाया पडला, आणि मग मखराकडे बघत राहिला.

"काय भाऊ," तो हसत म्हणाला, "देवालाच डीलरशिप दिलीत की त्यांची!"

"आईने केलंय. तिला काय माहीत."

"अहो मस्करी करतोय. एक फोटो घेऊ? आमच्या ग्रुपवर सगळ्यांचे गणपती टाकतोय आम्ही."

गणपतीचा फोटो नको कसं म्हणायचं? त्याने फोटो घेतला. प्रसाद घेतला. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही पण ना." एवढंच.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात माल थांबला. आधी नवं मॉडेल. मग जुनी. नवरात्र, दसरा, दिवाळी: वर्षातला कमाईचा काळ, आणि दर्शनी काचेत मोठ्या कंपनीची रिकामी खोकी. गिऱ्हाइकं येत, विचारत, जात. त्याने दुसरीकडून माल उचलून बघितला. तोही शेवटी याच हातांतून येतो आणि त्याच्याबरोबर वॉरंटी येत नाही. एकदा मी म्हटलं, अशा गोष्टींची तक्रार घेणारं सरकारी कार्यालय दिल्लीत आहे, मी कायद्याचं पुस्तक काढून वाचलंय, बाजारातल्या ताकदीचा गैरवापर म्हणतात याला. तो जेवत होता. घास हातात ठेवून त्याने माझ्याकडे मायेने पाहिलं.

"काय लिहू तक्रारीत?"

"जे झालं ते."

"काय झालं? मी फोन केला, ते म्हणाले स्टॉक नाही. एवढंच झालंय." मग म्हणाला, "आईला यातलं काही सांगू नकोस हं. ती मखराचे फोटो अजून सगळ्यांना दाखवते."

मी सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर माल सुरू झाला, पण एकटा नाही. एक कार्ड हवं तर त्याच्याबरोबर एक मदरबोर्ड, एक पॉवर सप्लाय, एक कॅबिनेट घ्यायचं. जे कुठे खपत नव्हतं ते. याला ते लोक कॉम्बो म्हणतात. कार्ड त्याच दिवशी विकलं जाई आणि बाकीचं उरे. दुकान भरलं. मग ते घरी येऊ लागलं. आधी पलंगाखाली, मग हॉलच्या एका भिंतीला, मग दोन्ही भिंतींना. खिडकीपुढे कॅबिनेटांची थप्पी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, उजेड गेला. एका परीने बरंच झालं असं मी म्हटलं. कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगवरून वारा फिरला की खिडकी तशीही बंदच ठेवावी लागते. आम्ही अंग चोरून चालायला शिकलो. आंघोळीहून आल्यावर केस झटकायलाही जागा नसायची. तो रात्री आला की बॅग छातीशी धरून, तिरका होऊन, खोक्यांच्या मधून आत येई. एकदा म्हणाला, "बघ, आपण गोडाऊनमध्ये राहायला आलो, आणि भाडं पण आपणच भरतोय."

नंतर थंडीत, दुकानात शटर वर करताना त्याच्या छातीत दुखलं. टपरीवाला धावला. हॉस्पिटलच्या दारापर्यंतही तो पोचला नाही.

तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. विकून टाकायचं असंच डोक्यात होतं. कॉलेजातली माझी नोकरी आहे, दोन माणसांचं भागतं. पण त्याच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाची पावती होती आणि त्याचा फोन, जो मी बंद केला नव्हता, सारखा वाजत होता. भांडुपची एक बाई, घरून लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारी. तिचं कार्ड महिन्याभरात बिघडलं होतं. त्याने ते वॉरंटीत बदलून आणायला वितरकाकडे पाठवलं होतं.

"ताई, मला आत्ताच कळलं हो," ती म्हणाली. "घाई नाही. पण माझं काम सगळं बंद आहे. त्यांनी मला शब्द दिला होता, आणून देतो म्हणून."

मी वितरकाच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. कार्ड तयार होतं. पण दुकानाचं खातं त्याच्या नावावर होतं आणि आता ते बंद होतं. ग्राहकाने थेट येऊन चालत नाही, डीलरमार्फतच यावं लागतं. अशी आणखीही माणसं होती. त्याने विकलेली किती कार्डं कुठे कुठे चालू होती. प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा शब्द होता, आणि तो शब्द पाळायचा तर मला वितरकाच्या दारात उभं राहावं लागणार होतं.

वितरकाचा माणूस स्वतःच दुकानात आला. पांढरा शर्ट घालून, गंभीर. खुर्चीच्या टोकावर बसला.

"वहिनी, खातं तुमच्या नावावर करून घेऊ. मी वर बोललोय. भांडुपच्या बाईंचं कार्ड याच आठवड्यात येईल."

"आणि?"

"आणि काय, नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

त्याने मान खाली घातली. "डिस्प्ले आपला. कॉम्बो असतील ते घ्यायचे. बाकी काही नाही."

"घरात जागा नाही हो. तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," तो म्हणाला. "माझ्यावर पण टार्गेट असतं, वहिनी. मी नाही दिलं तर दुसरा कोणी येईल, आणि तो भाऊंना ओळखणारा नसेल."

मला त्याचा राग येईना. तो खोटं बोलत नव्हता. मी काचेकडे पाहत होते. तिथे मोठ्या कंपनीचा फलक होता, वर्षभराच्या उन्हाने फिका झालेला. त्या फलकासमोर मी रोज कॉलेज सुटल्यावर बसणार, आणि कोणी आलं की त्याला टपरीवर नेणार. बाईमाणूस, रस्त्याकडे पाठ करून, कटिंग हातात. ते मला डोळ्यांसमोर दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचं वर्ष व्हायचंय. वर्षाच्या आत आम्ही कसलीच सजावट करत नाही. घरात नाही, दुकानात नाही. काच रिकामी राहील."

असं दुकानाबद्दल कोणी पाळतं की नाही मला माहीत नाही. सणाला तोरण नाही, दारात रांगोळी नाही, एवढं आमच्याकडे पाळतात. पण तो आमच्याच बाजूचा होता. तो गडबडला. बाहेर जाऊन फोनवर बोलला. परत येऊन म्हणाला, "ठीक आहे. वर्षभर राहू दे. पण त्यांचंही काही नको काचेत."

"कोणाचंच नको."

फलक त्यानेच उचलून आत ठेवला. आठवड्यात कार्ड आलं, भांडुपची बाई येऊन घेऊन गेली, माझा हात हातात धरून रडली. कार्डाबरोबर दोन कॅबिनेटंही आली. ती मी घरी नेली.

रिकाम्या काचेचा एक परिणाम झाला, जो मी ठरवला नव्हता. लोक काचेकडे बोट दाखवून "हे द्या" म्हणेनात. आत येऊन विचारू लागले, काय घेऊ. मी म्हणे, काम काय करायचंय ते सांगा. कॉलेजातल्या मुलांना पुस्तक शोधून देताना मी हेच विचारते. दिवसा दुकान सांभाळायला आणि जोडणी करायला मी एक गृहस्थ ठेवले आहेत, त्यांना विचारून मी बरंच शिकले. दुसऱ्या कंपनीचं कार्ड पुरेल असं वाटलं तर मी तसं सांगे, बसल्या जागी, दुकानाच्या आत, नेहमीच्या आवाजात. टपरीवाल्याने एकदा विचारलंही, "वहिनी, गिऱ्हाइकं चहाला येत नाहीत हल्ली?"

हे त्याला करता यायला हवं होतं, असं रोज वाटायचं. आणि तो गेला म्हणूनच मला करता येतंय, हेही लगेच आठवायचं.

गणपती आला. आमच्याकडे चुकवत नाहीत. पण वर्षाच्या आत साधा. पाटावर पांढरा कपडा, त्यावर मूर्ती, बाजूला समई. मखर नाही, झांज नाही. आरती सासूबाईंनी पुटपुटल्यासारखी म्हटली. खोक्यांच्या परत लागलेल्या दोन भिंतींच्या मध्ये देव तिथेच बसला होता जिथे माझ्या नवऱ्याला ठेवलं होतं.

वितरकाचा माणूस मोदक घेऊन आला. नमस्कार करून उठला आणि पाटाच्या मागच्या उघड्या भिंतीकडे पाहिलं.

"या वर्षी साधंच केलंत," तो म्हणाला. "छान वाटतं तसंही."

त्याच्या आवाजात सुटका होती. या वर्षी त्याला फोटो काढावा लागणार नव्हता, कोणाला दाखवावा लागणार नव्हता. मी मान हलवली. आमचं दुःख त्यांच्या नियमात इतकं नीट बसत होतं की त्याला ते छान वाटलं. मला तबक खाली ठेवावं लागलं.

जिन्यात तो थांबला. "वहिनी, वर्ष कधी होतंय?"

मी तिथी सांगितली. त्याने मोबाईलवर तारीख काढली आणि लिहून घेतली. "त्या दिवशी मी येईन," तो म्हणाला. "भाऊंसाठी." मला वाटतं तो खरंच भाऊंसाठी म्हणत होता. तारीख मात्र दुकानाच्या काचेसाठीही उपयोगी होती.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. गुरुजींना सांगून झालं. वर्ष सरावं असं माणसं म्हणतात, मन हलकं होतं म्हणतात. मला ते सरायला नको आहे. याचं एक कारण सगळ्यांना कळेल. दुसरं मी कोणाला सांगू शकत नाही. मागच्या आठवड्यात दुकानात एक लांब गुंडाळी आली. मोठ्या कंपनीचा नवा फलक, मागचा फिका झाला होता म्हणून. पोचली का, असा फोन आला. मी म्हटलं, पोचली. लावाल ना, वर्ष झालं की? मी म्हटलं, हो. नाही म्हटलं असतं तर आत्ता सर्व्हिस सेंटरला गेलेली तीन माणसांची कार्डं तिथेच राहिली असती. गुंडाळी मी दाराच्या मागे उभी करून ठेवली आहे. शटर पाडताना ती रोज खांद्याला लागते.

काल रात्री घरी आले, खोक्यांमधून तिरकी होऊन आत गेले, तर सासूबाई पलंगापाशी खाली बसल्या होत्या. पलंगाखालच्या खोक्यांच्या मागून त्यांनी काहीतरी ओढून काढलं होतं. मागच्या मखराची शेंदरी कमान, घडी घालून, जुन्या साडीत गुंडाळलेली. खांबांवरची नावं आतल्या बाजूला गेली होती.

"विसर्जनाक टाकूक दिलंय नाय मी," त्या म्हणाल्या. "तेका लय आवाडलेला ना. बघ, कायएक झाला नाय. वर्ष झाला की पुढच्या गणपतीक ह्याच लावूया. लावूया ना गो?"

मी त्यांच्याजवळ बसले. बसायला एकच जागा होती, त्यांच्या अगदी लागून. कमानीची घडी मी माझ्या मांडीवर घेतली, कडा सारख्या केल्या आणि म्हटलं, "हो आई, लावूया."